करडी गाडी बाजूला ठेवा, काका

नाही काका, ‘ठोकलेली’ हा शब्द माझा नाही. बाबा सकाळी तुम्हाला फोनवर काय काय बोलले ते त्यांचं त्यांच्यापाशी. मी काल जेवताना एवढंच म्हटलं, की करड्या गाडीचा पुढचा भाग मला काही बरोबर वाटत नाही. बस. आता तेवढ्यावरून माणसानं उठल्या उठल्या तुम्हाला फोन करून, आमच्या गळ्यात ठोकलेली गाडी मारता का, असं विचारावं — नको होतं विचारायला, मान्य आहे. पण बाबांचं असंच असतं, त्यांना अर्धं वाक्य पुरतं. — हो, वेल्डिंग म्हटलं. तेही म्हटलं मी. पुढे चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच, वेल्डिंग दिसतं, असं म्हटलं. — आवाज जरा खाली घ्या ना काका, पलीकडे ते गिऱ्हाईक जोडपं तुमच्या विकायच्या गाडीची दारं उघडून बघतंय, त्यांच्या कानावर गेलं तर नुकसान तुमचंच आहे, माझं नाही. — बरं, माझंही आहे.

आणि गुरुवारी इथेच उभी राहून मी तुमच्यासमोर याच करडीला एक नंबर गाडी म्हटलं होतं, तेही आठवतं मला. विसरले नाही. एक नंबर आहेच. बॉनेटच्या बोल्टांवर पान्याचा ओरखडा नाही, डिकीतला गालिचा उचलून बघितला तर खालचा रंग कंपनीतून आलेला, चारी काचांवर एकच साल. दारावर टिचकी मारली तर आवाज सगळीकडे सारखा, कुठे पुट्टी नाही. तुम्ही म्हणालात एका डॉक्टरांची गाडी आहे. काका, जगातल्या सगळ्या जुन्या गाड्या डॉक्टरांच्याच असतात, हे लोक पेशंट कधी बघतात कोण जाणे. पण ही खरंच कुणीतरी जपलेली आहे. माझं कामच ते आहे ना. विमा कंपनीची सर्व्हेअर म्हणजे काय, तर गाडी आपटली की तिथे जायचं, वाकायचं, खाली शिरायचं, फोटो काढायचे आणि मालक म्हणतो त्यातलं खरं किती आणि आधीचंच किती ते ठरवायचं. दिवसभर मी मेलेल्या गाड्या बघते. म्हणून जिवंत गाडी दिसली की मला पटकन कळतं.

आणि मी कामावर जाते कशानं? बसनं. हसा, सगळेच हसतात. गॅरेजवाले म्हणतात, गाड्यांचा पंचनामा करणारी बाई आली बघा, उतरली बसमधून. कधी कधी ठोकलेल्या गाडीचा मालकच मला स्टॉपवर सोडतो, दुसऱ्या गाडीनं. — घरची गाडी? घरची गाडी बाबांची. मी चालवते की, त्यांना दवाखान्यात न्यायचं असलं, आईला कुठे सोडायचं असलं की चालवते. परत आले की बाबा पहिलं काय करतात सांगू? सीट मागे घेतात. आरसा फिरवतात. मी गाडीतून उतरून घराचं कुलूप काढेपर्यंत ती गाडी परत त्यांची झालेली असते. गुरुवारी तुमच्या करड्या गाडीत बसले, सीट पुढे ओढली, आरसा वळवला, आणि मनात आलं, आता हे असंच राहणार. कुणी मागे घेणार नाही. चढाच्या रस्त्यानं नेली तिला मी, तुम्हाला म्हटलं होतं पेट्रोल पंपापर्यंत जाऊन येते — त्याच्या पुढे गेले होते. बरीच पुढे. क्लच असा, की पायाला सांगावंच लागत नाही.

हो, माहीत आहे मला. गाडी मी माझ्यासाठी बघायला आले नव्हते. धाकटीसाठी आले होते. आमचं शेंडेफळ. नुकतीच अठरा पूर्ण झाली, लायसन्स आलं, कॉलेज लांब आहे — किती लांब? मी ज्या कॉलेजात गेले तेच कॉलेज, काका. मधल्या काळात ते काही सरकलं नाही. मी दोन बस बदलून जात होते, तेव्हा ते जवळ होतं. आता तिच्यासाठी लांब झालंय. मी अठराची झाले तेव्हा गाडी सोडा, नुसतं शिकायचं म्हटलं तर घरात आठवडाभर सभा. बाबा म्हणाले, आधी कमव. आई म्हणाली, मुलीच्या जातीला एवढी घाई कशाला. मोठे काका खास घरी आले, मला समजावायला, ज्यांना स्वतःला सायकल येत नाही. मी मैत्रिणीच्या भावाच्या गाडीवर शिकले, घरी न सांगता, आणि मग भांडून भांडून बाबांच्या गाडीला हात लावला. पहिल्या दिवशी बाबा शेजारी बसले ते हँडब्रेकवर मूठ आवळून. सबंध रस्ताभर. मी पन्नास वेळा म्हटलं असेल बाबा हात काढा, तर म्हणाले, तू समोर बघ.

आणि आता? आता तिच्या शेजारी बसून ते पेपर वाचतात. शपथेवर सांगते, पेपर. पान उलटताना काचेसमोर धरतात आणि ती म्हणते, बाबा, दिसत नाही मला. आणि ते सॉरी म्हणतात. मला माझ्या बापाच्या तोंडून सॉरी हा शब्द येतो हेच माहीत नव्हतं. मी मागच्या सीटवर बसले होते, मला वाटलं दुसऱ्याच कुणाच्या गाडीत बसले की काय.

तुम्ही म्हणाल, वयानं मऊ झाले असतील. सगळे हेच म्हणतात. आई तर म्हणते, अगं तू भांडलीस म्हणून तिचा रस्ता मोकळा झाला, तुला आनंद व्हायला हवा. मला का आनंद व्हायला हवा? जंगल मी तोडायचं आणि रस्त्यावरून मिरवायचं हिनं. पुढच्याला ठेच, मागचा शहाणा — आमच्याकडे पुढच्याला ठेच, मागच्याला गाडी. आणि वर तुम्हा मोठ्या माणसांची अपेक्षा, की ठेच लागलेल्यानं टाळ्या वाजवाव्यात. तुम्हाला म्हणत नाही काका. — तुम्हालाही म्हणते. तुमच्या घरी दोन असतील ना मुलं? मग थोरल्याला एकदा विचारून बघा. खरं विचारा पण, चारचौघांत नको.

नाही, ती वाईट नाही. तोच तर त्रास आहे. वाईट असती तर मी खुशाल भांडले असते. ती काय म्हणते? म्हणते, ताई, मला काही कळत नाही, तू बघून ये, तू म्हणशील ती घेऊ. आणि रविवारी — हे ऐका — रविवारी माझ्या खोलीत आली, पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, ताई, गाडी आली ना की तुला हवी तेव्हा तू ने, मला विचारूसुद्धा नकोस. मी काय म्हणणार त्यावर? थँक्यू म्हटलं. म्हणजे आता मी तिच्याकडून मागून न्यायची गाडी. हिला डायपर मी बांधलेत. हिला साइडच्या आरशात बघायला मी शिकवलंय, गाडी उलटी कशी लावायची ते मी शिकवलंय, मोकळ्या मैदानात दोन खुर्च्या मांडून. एक खुर्ची मोडली तिनं, ती आईला मी मोडली म्हणून सांगितलं. आणि आता तिच्या उदार मनानं मला किल्ली मिळणार. पोटात दुखतं हो काका, खरंच दुखतं, म्हणायची पद्धत म्हणून नाही. इथे, बरगडीच्या खाली.

म्हणून करडी तिला जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. दुसरी कुठलीही जाऊ दे. आयत्या बिळावर नागोबा बसू दे, पण बीळ मी निवडलेलं नको. तुम्ही एक करा ना. करडी तेवढी बाजूला ठेवा. त्या पत्र्याखाली, मागे. किल्ली फळीवरून काढून खणात टाका आणि कुणी विचारलं तर म्हणा, बोलणी चालू आहेत. माझं प्रमोशन आहे पावसाळ्यानंतर, जवळजवळ झाल्यातच जमा आहे. मी घेते ती. मीच घेते. — सहा महिने कसे ठेवणार? ठेवतात लोक. मी कर्ज काढीन. — अहो, आज नाही काढता येणार म्हणून तर तुम्हाला सांगतेय. बाबा आणि ती गाडी घ्यायला यायच्या आधी बोलावं म्हणून धावत आले, स्टॉपवरून इथपर्यंत पळत आले, बघा घाम.

पिवळी? पिवळीचं काय. तुमची ती दुसरी गाडी धाकटीला आवडलीच आहे. फोटो बघितल्यापासून पिवळी पिवळी करत होती, लिंबासारखी दिसते म्हणे. मी बाबांना म्हटलं, पिवळी चांगली आहे, छोटी आहे, वळवायला सोपी, पहिल्या गाडीला अजून काय पाहिजे. बाबा म्हणाले बघितलीस ना नीट? म्हटलं हो. बघितलीच होती. — असं काय बघताय तुम्ही माझ्याकडे? तुम्ही नका बघू असं. तुम्हाला काय वाटलं, मला दिसलं नाही?

काका, आपण दोघं इथे काय ते बोलून टाकू, कुणी तिसरं नाहीये. तुम्ही मला म्हणालात, पिवळीचा फक्त बंपर घासला होता, पार्किंगमध्ये. बंपर घासला म्हणून डाव्या बाजूचा दिवा नवा आणि उजवा जुना? बंपर घासला म्हणून आत इंजिनाच्या पंख्याच्या पुढची पट्टी बदलली? पुढचं डावं दार बंद केलं की वरून फट बोटभर आणि खालून काहीच नाही — दारात दोष नाही, काका, दार ज्यावर बसतं तो खांबच सरकलेला आहे. मी खाली आडवी झाले होते तुम्ही फोनवर बोलत होता तेव्हा. चासीला डाव्या हाताला वेल्डिंग आहे, वर काळा रंग मारलाय, तो रंगसुद्धा पातळ मारलाय, ब्रशचे केस अडकलेत त्यात. कुणी केलंय ते काम? पैसे परत मागा त्याच्याकडून.

हो. तेच वेल्डिंग. तेच मी करडीला लावलं. मला नवीन काही सुचावं लागलंच नाही. काल भाजी वाढून घेता घेता, पिवळीत जे बघितलं ते सगळं करडीच्या नावावर सांगितलं आणि करडीतलं पिवळीच्या. इतकं सोपं गेलं की मलाच नवल वाटलं. आणि तुम्ही मला खोटारडी म्हणू नका, निदान तुम्ही तरी. तुमचं एक खोटं, माझं एक, दोन्ही जुळतायत, तुमची पिवळी खपतेय. बाबांवर चिडून तुम्ही मला फोन केलात तो करडीचं नाव खराब झालं म्हणून. पिवळीबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. माझ्या लक्षात आलं नाही असं वाटतं का तुम्हाला?

काय होतंय त्यानं. काही होत नाही. लोक चालवतात वर्षानुवर्षं वेल्डिंगच्या गाड्या. ती काय चाळीसच्या वर जाणार आहे का — जाईल म्हणा. मोठ्या रस्त्यानंच जावं लागतं कॉलेजला, ट्रकच्या रस्त्यानं. पण हळूच चालवते ती. तशी. एकटी असताना कशी चालवते ते मला माहीत नाही, एकटी कधी चालवलीच नाहीये अजून.

परवा कामावर एक आपटलेली बघितली. पिवळीच्याच जातीची, रंग वेगळा. तिचंही आधी कुणीतरी काम केलेलं होतं, मालकाला माहीतसुद्धा नव्हतं. जोडलेलं असतं ना, तिथूनच आधी सुटतं ते, पहिलं तिथेच दुमडतं. दार आत आलं होतं, पार गिअरपर्यंत. आम्ही विचारत नाही काका, आत कोण होतं आणि कसं आहे. ते विचारायचं नसतं, आपण पत्रा बघायचा. मी पत्रा बघत होते आणि खाली, पेडलपाशी, केसांची क्लिप होती. साधी, कुणाचीही असेल तशी. फोटोत येत होती म्हणून पेननं बाजूला सरकवली आणि फोटो काढला. त्याच दिवशी संध्याकाळी बाबांना म्हटलं, पिवळी चांगली आहे. — म्हणजे काल. परवा नाही. कालच बघितली ती.

काय? बाबा सकाळी फोनवर अजूनही काही म्हणाले?

काय म्हणाले? — नाही, ते ठोकलेलीचं नको, ते झालं सांगून. त्यानंतर काय म्हणाले म्हणताय? तुम्ही त्यांना म्हणालात, गाडी चोख आहे, तुम्ही दुसरा मेकॅनिक आणून दाखवा, आणि मग? — परत सांगा. — असंच म्हणाले? “माझी थोरली यातली माहीतगार आहे. तिनं नाही म्हटलं म्हणजे मला मेकॅनिक नको.” हेच शब्द होते की तुम्ही आता मला बरं वाटावं म्हणून — नाही, तुम्ही कशाला मला बरं वाटेलसं काही करताय. माहीतगार म्हणाले? काका, या माणसानं मला माझ्या निकालाच्या दिवशी विचारलं होतं, पेपर तपासणारा नवीन होता का. नोकरी लागली तेव्हा शेजाऱ्यांना सांगितलं, कुठेतरी विम्याबिम्यात आहे. गाडीचं चाक पंक्चर झालं, मी रस्त्यात खाली बसून बदललं, तर हे येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारतायत, जरा बघता का, मुलीनं नट बरोबर आवळलेत का. आणि तुम्हाला, परक्या माणसाला, फोनवर म्हणतात मेकॅनिक नको.

माझ्यासमोर हे कधी म्हणाले नाहीत. काल जेवताना फक्त हं म्हणाले आणि पाणी मागितलं.

काय करू मी आता, सांगा. नाही, तुम्ही नका सांगू, तुमचा सल्ला मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल दोन्ही नकोत, तिसरी दाखवतो. ती निळी दाखवाल. निळीचं इंजिन तेल पितंय, तेही बघितलंय मी. — गप्प बसले तर काय, पिवळी घेऊन जातील. आज दुपारी आमच्या दारात उभी राहील, धाकटी तिच्यावरून हात फिरवेल, बाबा सगळ्या गल्लीला सांगतील, थोरलीनं निवडली. पहिल्यांदा सांगतील. माझं नाव घेऊन सांगतील. आणि मग सोमवारी सकाळी ती एकटी मोठ्या रस्त्याला लागेल, आणि मी दिवसभर गॅरेजमध्ये फोन वाजला की —

आले बघा ते दोघं. फाटकात आहेत. बाबांची गाडी धाकटी चालवतेय. तुमचं फाटक अरुंद आहे, तरी एका दमात घातली आत. आता बघा, उलटी लावेल. दोन गाड्यांच्या मधे, एवढी मोकळी जागा सोडून मुद्दाम तिथेच. — लावली. बघितलंत? आरशात बघून लावली, मान न काढता. बाबा उतरतायत. माझ्याकडे हात केला त्यांनी. तुम्हाला नाही, मला.

हे बघा काका, पिवळीची किल्ली माझ्याकडे द्या. द्या म्हणते ना. आणि करडीची पण काढा. मी सांगते त्यांना. तुम्ही मधे काही बोलू नका, मला सावरून घेऊ नका, माझं चुकलं असेल, उजेड कमी होता, असलं काही बोलायचं नाही. मला माहीत आहे, तेच सोपं आहे. चुकले म्हटलं की मिटलं, बाबा म्हणतील, वाटलंच होतं मला, आणि धाकटी म्हणेल, असू दे गं ताई, होतं असं. गोड वाटेल सगळ्यांना. पण चुकले मी म्हणणार नाही. माझी नजर चुकलेली नाही. त्या दोन्ही गाड्यांचा एकेक बोल्ट मी बरोबर बघितला आणि मग बरोबर उलटा सांगितला. खोटं बोलले म्हणून सांगेन. तिला करडी मिळू नये म्हणून बोलले, तेही सांगेन. म्हणू देत मन एवढंसं आहे म्हणून, ते घरात सगळ्यांना आधीपासून माहीत आहे. पण गाड्यांतलं मला कळत नाही असं आता मी त्यांना म्हणू देणार नाही. आत्ता कुठे माहीतगार म्हणाले होते.

करडी तिलाच जाईल. माहीत आहे मला. तुम्ही नका दाखवू तो चेहरा, मला दया नकोय कुणाची. आणि मोठी गुणाची आहेस असंही म्हणू नका, मला अजूनही वाटतंय की ती गाडी आत्ता या क्षणी सुरूच होऊ नये.

आले ते. तुम्ही आत जा, काका. इथे नाही, ऑफिसात. आणि दार लावून घ्या. हे आमच्या घरातलं आहे.